गोळी सोडण्यापूर्वी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी भोपाळला मावशीकडे गेलो होतो. अरेरा कॉलनीत, दहा नंबरच्या बाजाराजवळ तिचे घर आहे. एके दुपारी तिच्या परिचयाच्या एक बाई आल्या. मी औषधनिर्माणशास्त्र शिकतो हे कळताच त्या थोड्या घुटमळल्या आणि मग स्वतःच म्हणाल्या, "मला एच.आय.व्ही. आहे. सरकारी केंद्रातल्या गोळ्या नऊ दिवस झाले, बंद केल्यात. त्यांनी लिव्हर सडतं म्हणतात. खरं का हो?"

मला नीट उत्तर देता आले नाही. "आजच डॉक्टरांना भेटा," एवढेच मी म्हणालो. परत आल्यावर पुस्तके चाळली. त्यांतून जे उमगले ते, बाईंच्या संमतीने व त्यांचे नावगाव गाळून, वाचकांपुढे ठेवीत आहे.

यकृत हे उजव्या बरगड्यांखालील सुमारे दीड किलो वजनाचे इंद्रिय. आपल्या कन्नड विभागातील मित्र त्याला 'पित्तजनकांग' म्हणतात. पित्त तयार करण्याबरोबरच, पोटात गेलेल्या औषधाचे रूप पालटून ते शरीराबाहेर टाकण्याजोगे करणे हेही त्याचे काम. हे करताना यकृताच्या पेशी दुखावल्या, तर त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात. एस.जी.पी.टी. या रक्तचाचणीने ते कळते.

मग लोक म्हणतात ते निव्वळ खोटे काय? तसेही नाही. 2001 साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात देऊ केला, आणि गरिबाला जगण्याची आशा दिसली. 1 एप्रिल 2004 पासून भारत सरकारने मोफत उपचार सुरू केले. त्या काळच्या औषधांत स्टॅव्ह्युडीन व नेव्हिरापीन ही दोन प्रमुख होती. त्यांनी असंख्य जीव वाचविले, पण यकृताला त्रासही दिला. नेव्हिरापीनमुळे पहिल्या काही आठवड्यांत काही रुग्णांच्या अंगावर पुरळ येई, यकृताला सूज येई. म्हणून पहिले 14 दिवस निम्मीच मात्रा देत. स्टॅव्ह्युडीनमुळे यकृतात चरबी साठे. 2009 साली जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध हळूहळू बंद करण्याची शिफारस केली.

आजच्या नेहमीच्या गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडीन व डोल्युटेग्राव्हिर ही औषधे असतात. पहिली दोन मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. तिसऱ्याचा निचरा यकृत करते, पण त्यापासून गंभीर इजा क्वचितच होते. म्हणजे औषधे बदलली, भीती मात्र जुनीच राहिली!

याचा अर्थ निर्धास्त राहावे असा नव्हे. दारू, क्षयाची काही औषधे, कशापासून केले ते ठाऊक नसलेले काढे आणि ब किंवा क प्रकारची कावीळ यांचा भारही त्याच यकृतावर पडतो. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, उलट्या होऊ लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि आपण जे जे घेतो ते सारे सांगावे. औषध बदलायचे की थांबवायचे, हे त्यांनी ठरवावे.

आता त्या बाईंविषयी. दुसऱ्याच दिवशी मावशी त्यांना केंद्रात घेऊन गेली. जुने कागद पाहताच डॉक्टर गंभीर झाले, कारण बाईंना ब प्रकारच्या काविळीचाही संसर्ग होता. टेनोफोव्हिर व लॅमिव्ह्युडीन ही दोन्ही औषधे त्या काविळीच्या विषाणूलाही दाबून ठेवतात. ती एकाएकी बंद केली, तर तो विषाणू उसळून यकृताला मोठी इजा करू शकतो. ज्या यकृताच्या काळजीने बाईंनी गोळी सोडली, त्याच यकृताची ती गोळी राखण करीत होती!

सुदैवाने वेळ गेली नव्हती. चाचण्या झाल्या, गोळी पुन्हा सुरू झाली. परवा मावशीचा फोन आला, तेव्हा मी आधी त्यांचीच चौकशी केली. "बरी आहे," मावशी म्हणाली, "आता दुसऱ्यांना सांगते, विचारल्याशिवाय गोळी सोडू नका म्हणून."