भाड्याची खोली आणि आडनांव

‘भाडें’ हा शब्द संस्कृत ‘भाटक’ या शब्दावरून आला, हें आम्ही वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविलें. परंतु भाड्याची खोली शोधणें म्हणजे काय, हें आम्हांस सेवानिवृत्तीनंतर कळलें. मैंदर्गीस आमचें वडिलोपार्जित घर आहे, त्यामुळें भाडें भरण्याचा प्रसंग कधीं आला नव्हता. गेल्या वर्षीं नातू सोलापुरास महाविद्यालयांत दाखल झाला. मैंदर्गीहून अक्कलकोटमार्गें सोलापूर पन्नासएक किलोमीटर, रोजच्या एस.टी.च्या प्रवासांत त्याचा अभ्यास बुडूं लागला. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा त्याच्याच वर्गांत होता. वडिलांचा शिवणकामाचा धंदा, उत्पन्न बेताचें. दोन्ही मुलांनीं एकत्र राहावें व भाडें निम्मेंनिम्में द्यावें, असा बेत ठरला.

आठ दिवस आम्ही पेठांमागून पेठा हिंडलों. पहिला धडा हा मिळाला कीं, सांगितलेलें भाडें म्हणजे खोलीचा सारा खर्च नव्हे. महिना 4,000 रुपये भाडें, सहा महिन्यांची अनामत 24,000, दलालास एक महिन्याचें भाडें. म्हणजे कुलूप उघडण्यापूर्वींच 32,000 रुपये मोजावयाचे! विजेचें बिल निराळें. शिवाय सोलापुरांत नळ रोज येत नाहीं. म्हणून टाकी केवढी, हें भाड्याच्याही आधीं विचारावें.

अखेर एक खोली पसंत पडली. आमचें आडनांव ऐकतांच मालक प्रसन्न झाले. ‘‘आपलींच माणसें!’’ असें म्हणून त्यांनीं आपण होऊन 500 रुपये कमी केले. मग दुसऱ्या मुलाचें आडनांव विचारलें. तें ऐकल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘गुरुजी, खोली लहान आहे. एकासच देऊं.’’ खोली लहान नव्हती, हें त्यांस ठाऊक होतें आणि आम्हांसही. तरी आम्हीं पैसे मोजले. मुलाचे वडील बाहेर उभे होते. ‘‘आपण मनाला लावून घेऊं नका, गुरुजी. आम्ही पाहूं दुसरीकडे,’’ एवढेंच ते बोलले. ज्यास आम्हीं ‘सत्यं’ आणि ‘प्रियं’ यांतील भेद शिकविला, त्याच्यासमोर आम्ही गप्प राहिलों.

त्या दिवशीं परत येतांना अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारीची वसाहत आम्हीं नव्या दृष्टीनें पाहिली. सोलापुरांत 1877 सालीं कापडाची पहिली गिरणी निघाली, तेव्हांपासून गिरणी, माग आणि विडी यांवर जगणारीं हजारों कुटुंबें दाटीच्या खोल्यांत राहत आलीं. कुंभारीस 2006 सालीं विडी कामगार स्त्रियांना 10,000 घरें मिळालीं आणि 19 जानेवारी 2024 रोजीं रे नगरांतील 15,000 घरांचें लोकार्पण झालें. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढारपणाखालीं या कष्टकऱ्यांनीं वर्षानुवर्षें चिकाटी धरली, तेव्हां हें घडलें. आमच्यासारखी आडनांवाची शिफारस त्यांजपाशीं नव्हती.

भाड्यानें राहणारास कायद्याचाही आधार आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 हा 31 मार्च 2000 पासून अंमलांत आहे. त्याच्या कलम 55 प्रमाणें करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी केली नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें ग्राह्य धरतात. भाड्याची पावती मागणें हा भाडेकरूचा हक्कच आहे. केंद्र सरकारच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यानें राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असें सुचविलें. मात्र राज्यानें तसा कायदा केल्यावांचून तें बंधनकारक होत नाहीं. पण ‘‘खोली एकासच देऊं,’’ या वाक्यावर यांतील कोणतें कलम चालणार?

अकरा महिन्यांचा करार संपला, तेव्हां आम्ही मालकांकडे गेलों आणि नव्या करारांत दोन्ही मुलांचीं नांवें घालण्याची विनंती केली. ‘‘उद्यां सांगतों,’’ असें ते म्हणाले. तो उद्यां उजाडला नाहीं, म्हणून आम्हीं खोली सोडली. दुसऱ्या पेठेंत 5,000 रुपये भाड्याची खोली मिळाली. दोघांत वांटतां प्रत्येकास 2,500 पडले. म्हणजे आडनांवाच्या सवलतींत मिळालेली 3,500 रुपयांची खोलीच आम्हांस महाग पडली होती!

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं एखादी खोली भाड्यानें देण्याजोगी असेल. होतकरू मुलगा दारीं आला, तर त्यास ओळखपत्र जरूर मागावें, करार नोंदवावा, भाडें वेळेवर घ्यावें. आडनांव कागदावर येईलच. तें ऐकून दार लावूं नये. आम्ही त्या दिवशीं बोललों असतों, तर एक मुलगा अकरा महिने गांवाबाहेरच्या महाग खोलींत एकटा राहिला नसता.