दीडशे ग्रॅमची लढत

रोबोटची लढत म्हटली की आपल्याला पवईच्या आयआयटीतला ‘टेकफेस्ट’ आठवतो. तिथे ६० किलोंच्या गटातली यंत्रं जाड पारदर्शक भिंतींआड एकमेकांवर आदळतात आणि ठिणग्या उडतात. बघायला झकास, पण दापोली तालुक्यातल्या मुरुडमध्ये शाळकरी पोरांना घेऊन तो खर्च झेपणारा नाही. म्हणून आम्ही ब्रिटनमधल्या हौशी मंडळींचा ‘अँटवेट’ हा गट धरला. त्यात यंत्राचं वजन १५० ग्रॅमच्या आत हवं आणि लढत सुरू होताना ते ४ इंची घनात मावायला हवं. रिमोट सोडला तर दोन-अडीच हजारांत काम होतं. रिमोट आम्ही सगळ्यांत मिळून दोनच ठेवले आहेत. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरून येतात, नाहीतर कुरिअरने.

या कामात खरी सत्ता काट्याची. पडवीत वर्तमानपत्र पसरून एकेक भाग आधी तोलायचा आणि पाटीवर आकडा लिहायचा. एन-ट्वेंटी गिअर मोटर साधारण १० ग्रॅमची, तशा दोन. बॅटरी, रिसीव्हर आणि मोटरचा कंट्रोलर मिळून आणखी पंचवीस-तीस. चाकं वेगळी. उरलेल्यात सांगाडा, पुढचा उतार आणि स्क्रू बसवायचे. हिशेब चुकला की पोरं जादा वायर कापतात, लांब स्क्रूच्या जागी आखूड लावतात, सांगाड्याला भोकं पाडतात. अमुक भाग ‘असू दे’ असं म्हणायची सोय नसते. तो का हवा ते सांगता आलं पाहिजे. मला या खेळातलं सर्वांत मोलाचं शिक्षण हेच वाटतं.

सांगाडा भाजी चिरायच्या जुन्या प्लास्टिक बोर्डाचा. हॅक्सॉ ब्लेडने कापायचा, कानशीने घासायचा. पुढचा उतार जमिनीला किती टेकतो यावर निम्मी लढत ठरते, कारण ज्याची कड खाली त्याची पाचर दुसऱ्याच्या पोटाखाली शिरते. तपासायला वहीचा कागद पुरतो. रोबोट फरशीवर ठेवून कागद कडेखाली सरकवायचा. शिरला, की पुन्हा कानस.

वेगाचं वेड मात्र आवरावं लागतं. मिनिटाला ५०० फेऱ्यांची मोटर आणि ३० मिलिमीटर व्यासाचं चाक घेतलं, तरी आमचा पाऊण मीटरचा आखाडा सेकंदाभरात संपतो. जांभ्याच्या चिऱ्यांवर टेकवलेला हा प्लायचा चौकोन. कडेवरून पडला तो हरला. दुप्पट वेगाची मोटर लावलेली यंत्रं बहुतेक वेळा आपणहून खाली जातात. शिवाय मोटर कितीही दांडगी असली तरी रोबोट ढकलणार तो चाकाच्या पकडीइतकाच. म्हणून चाकावर सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवायची आणि प्रत्येक लढतीआधी तिच्यावरची धूळ ओल्या फडक्याने पुसायची.

फिरतं पातं आम्ही लावू देत नाही. १५० ग्रॅमच्या यंत्रातूनही उडालेला तुकडा डोळा घालवू शकतो. त्यासाठी पॉलिकार्बोनेटचा बंद आखाडाच हवा. बॅटरीच्या बाबतीतही हयगय नाही. दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट दाखवते. ती मोठ्या माणसाच्या नजरेसमोरच चार्ज होते आणि शेजारी कोरड्या वाळूची बादली असते. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लागत नाही. लढतीआधी रिमोट बंद करून बघायचा. चाकं जागीच थांबली नाहीत तर तो रोबोट आखाड्यात उतरत नाही.

समुद्राची खारी हवा इथली वेगळीच डोकेदुखी. पावसाळ्यात कनेक्टरवर हिरवा थर चढतो आणि पकड सैल होते. वायर ओढून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून यंत्रं घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट राहतात.

लढत संपली की हरलेल्याची तुटलेली तार जोडायला जिंकणाराच सोल्डरिंग आयर्न तापवतो. जगभरच्या हौशी स्पर्धांत हीच रीत आहे आणि आमच्या पोरांना ती शिकवावी लागली नाही.

गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना एवढीच विनंती: मिठाईच्या बॉक्सबरोबर गावच्या शाळेसाठी एक सोल्डरिंग आयर्न आणि दशांश ग्रॅमपर्यंत तोलणारा एक काटा आणा. घरातला बंद पडलेला प्रिंटरही भंगारात देऊ नका. त्यातून मोटरी, गिअर आणि मूठभर स्क्रू निघतात.