तळहाताएवढी जागा

सकाळी ६.३०
ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. श्टुटगार्टात अजून अंधार आहे. शटर वर केलं की मी आधी थर्मामीटर बघतो. आज ४ अंश. पारा ७ च्या खाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं आणि पकड कमी होत जाते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. इथले लोक ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर वापरतात, म्हणून आता महिनाभर श्वास घ्यायला फुरसत नाही.

सकाळी ८.००
एका आजींचे टायर गोदामातून काढले. खाचेत दोन युरोचं नाणं उभं धरलं. त्याची चंदेरी कड साधारण ४ मिलिमीटरची; ती पूर्ण बुडायला हवी. इथे अर्धी बाहेर दिसते. कायद्याला १.६ मिलिमीटर पुरतात, बर्फाला नाही. आजींना नाणं दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि नवे टायर सांगितले.

सकाळी १०.००
नाशिकचं एक तरुण जोडपं आलं. जुनी गोल्फ गाडी नुकतीच घेतलेली. "काका, सगळ्यात स्वस्त कुठले पडतील?"

पैसे वाचवायच्या जागा आहेत, त्या आधी दाखवल्या. गाडीला १७ इंची चाकं आहेत, पण कागदपत्रांत १६ इंचीलाही परवानगी आहे. २०५/५५ आर १६ हे माप इथे सर्रास खपतं, म्हणून पुष्कळ स्वस्त मिळतं. रिम जुन्या घेतल्या तरी चालतील, फक्त वाकलेल्या नकोत. आणि टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचायचे: ३४२३ म्हणजे २०२३ सालचा ३४ वा आठवडा. नीट साठवलेला टायर तीन वर्षांपर्यंत इथे नवाच धरतात. मागच्या वर्षीचा माल कमी भावात मिळत असेल तर खुशाल घ्यावा.

"आणि पुढचे दोनच बदलले तर?" त्याने विचारलं.

"नको. ब्रेक दाबलात की पुढची चाकं धरतील, मागची घसरतील आणि गाडी गर्रकन फिरेल. चारही बदला."

मी दोघांना काउंटरवर तळहात ठेवायला सांगितलं. एक टायर रस्त्याला टेकतो तो साधारण एवढाच. चार तळहातांवर तुमचा सगळा संसार धावतो. काटकसर रिममध्ये करा, मापात करा, या तळहातात करू नका.

मग दोन खुणा दाखवल्या. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण, ही पहिली. ऑक्टोबर २०२४ पासून इथे नुसती 'एम प्लस एस' ही जुनी खूण चालत नाही. बर्फाळ रस्त्यावर पकडलं तर ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक दंडगुण. दुसरी, लेबलवरची ओल्या रस्त्याची श्रेणी. ती ए ते ई असते. सी च्या खालचा टायर मी कुणाला देत नाही, कितीही स्वस्त असला तरी. शहरात हिवाळाभर बर्फापेक्षा पाऊसच जास्त.

त्यांनी मधल्या किमतीचे, बी श्रेणीचे घेतले.

दुपारी १.००
डब्यातली पोळीभाजी उभ्यानेच.

दुपारी ३.००
गोल्फ लिफ्टवर. टायरवरचा बाण गाडी पुढे जाते त्या दिशेला आहे ना, ते बघितलं. बॅलन्सिंग झालं. बोल्ट एकाआड एक, चांदणीच्या रेघांसारखे आवळले. शेवटी टॉर्कचा पाना १२० न्यूटन-मीटरवर. 'कट्' वाजलं की हात थांबवायचा. त्यापुढे जोर लावणं म्हणजे बोल्टचं आयुष्य कमी करणं.

संध्याकाळी ५.३०
"पन्नास किलोमीटर झाले की परत या, बोल्ट पुन्हा तपासू. त्याचे पैसे नाहीत." तिने मोबाइलमध्ये नोंद केली. "म्हणजे आता दोन-दोन सेट सांभाळायचे?" "एक चालतो तेव्हा दुसरा विसावतो. दोन्ही जास्त वर्षं टिकतील."

संध्याकाळी ६.३०
बाहेर पाऊस. उतारावर ओली पानं पसरलीयेत. त्यांच्या उन्हाळी चाकांवर खडूने लिहिलं: पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. रॅकवर चढवली. ईस्टरपर्यंत ती इथेच. शटर ओढताना पुन्हा पारा बघितला: ३.