टेप रीडर मेला, लेथ नाही! जुन्या सीएनसीत प्रोग्राम कसा भरायचा?

मागच्या व्हिडिओत जुन्या सीएनसी लेथमध्ये जुना टेप रीडर काढून लावलेला छोटा डबा दाखवला होता. त्यावर एकच प्रश्न सगळ्यात जास्त आला: "सर, भंगारातली मशीन घेऊन धंदा होतो का?" होतो. पण मशीन भंगार आहे की फक्त तिचा एक भाग भंगार आहे, हे ओळखता आलं पाहिजे. मी इंजिनिअर नाही, बीबीए केलंय. त्यामुळे हे शिकायला मला जरा महाग पडलं. तुम्हाला फुकटात सांगतो.

आमच्या भागाचं गणित

डहाणू तालुका १९९१ सालच्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील आहे. लाल श्रेणीचे, म्हणजे जास्त प्रदूषण करणारे उद्योग इथे चालत नाहीत. त्यामुळे डहाणूत चिकू, फुगे आणि छोटीमोठी कामं. मोठे कारखाने आहेत खाली बोईसर-तारापूरला, नाहीतर अच्छाडचा नाका ओलांडून उंबरगाव आणि वापीला. तलासरीत हायवेजवळ गाळा घेतला तर या दोन्ही बाजूंचं जॉबवर्क पकडता येतं. मी तेच केलं. पण नवीन सीएनसी लेथ घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून ऐंशीच्या दशकातली, फानुक ६टी कंट्रोल असलेली जुनी लेथ उचलली.

बेड चांगला, स्पिंडलला आवाज नाही, टरेट नीट फिरतोय. सगळं बघितलं. एकच गोष्ट विचारायची राहिली: यात प्रोग्राम भरायचा कसा?

कागदाची पट्टी

आजच्या मुलांना पेन ड्राइव्ह माहीत आहे. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आकड्यांवर चालणारी पहिली मिलिंग मशीन दाखवली गेली, तेव्हा सूचना छिद्र पाडलेल्या पट्टीवरून दिल्या होत्या. पुढे कितीतरी वर्षं तीच पद्धत राहिली. एक इंच रुंदीची पट्टी, एका ओळीत आठ छिद्रांची जागा, एक ओळ म्हणजे एक अक्षर. एका इंचात दहा अक्षरं. मध्ये एक बारीक छिद्रांची रांग असते, ती "आता वाच" असं कंट्रोलला सांगते. पट्टीखाली दिवा, वर सेन्सर. उजेड आला की छिद्र आहे, नाही आला की नाही.

माझ्या मशीनचे सेन्सर गेलेले होते. त्यात आमची खारी हवा आणि पावसाळा. कागद सादळतो, कनेक्टरवर हिरवट थर चढतो.

पंपाच्या बुशची पहिली ऑर्डर हातात होती, पंधरा दिवसांत माल द्यायचा होता. ती गेली असती तर पुढचीही गेली असती, आणि बँकेचा हप्ता तर थांबत नाही. एका मेकॅनिकनं सांगितलं, "पूर्ण कंट्रोल बदला." त्याचा खर्च मशीनच्या किमतीपेक्षा जास्त! दुसरा मार्ग म्हणजे पॅनलवर बसून हातानं टाइप करणं. आमचे ऑपरेटर काका, आयुष्य उंबरगावच्या कारखान्यात गेलेलं, म्हणाले, "शेठ, टाइप मी करीन. पण शंभरव्या ओळीला बोट चुकलं तर टूल जॉबमध्ये घुसंल, मग मला बोलू नका."

काकांचं बरोबर होतं. हिशोब करा. ३०० ओळींचा प्रोग्राम, ओळीला सरासरी २० अक्षरं, म्हणजे ६,००० अक्षरं. पट्टीवर ६०० इंच, साधारण १५ मीटर. जुन्या कंट्रोलची मेमरी पट्टीच्या मीटरमध्येच मोजतात. २० मीटर मेमरी असेल तर असा एकच प्रोग्राम बसतो. दुसरा जॉब आला की पहिला पुसा, दुसरा टाइप करा.

डबा काय करतो?

यावरचा उपाय म्हणजे बीटीआर, पूर्ण नाव "बिहाइंड द टेप रीडर". टेप रीडरची वायर कंट्रोलमध्ये जिथे लागते, तिथे हा डबा लावायचा. दुसऱ्या बाजूनं त्याला कॉम्प्युटरची आरएस-२३२ केबल, काहींना मेमरी कार्ड. कंट्रोल म्हणतो, "पुढचं अक्षर दे." डबा आठ वायरवर अक्षर ठेवतो आणि "वाच"चा सिग्नल देतो. कंट्रोलला वाटतं पट्टीच फिरतेय. मशीनला काही कळत नाही, आणि हीच यातली गंमत आहे. कंट्रोलच्या आतलं काहीही बदलायचं नाही.

फायदे दोन. एडिट मोडमधून प्रोग्राम मेमरीत घेता येतो. आणि प्रोग्राम मेमरीपेक्षा मोठा असेल तर टेप मोडमध्ये ओळ-ओळ वाचत थेट चालवता येतो.

आमचं कुठे अडलं

डबा लावला, नारळ फोडला, बटण दाबलं. अलार्म ००१. परत दाबलं, परत ००१. दोन दिवस गेले. मी केबल बदलली, लॅपटॉप बदलला, डबेवाल्याशी भांडलो. चूक माझीच होती.

००१ म्हणजे टीएच अलार्म, पॅरिटीची चूक. आयएसओ कोडमध्ये प्रत्येक अक्षराची छिद्रं सम संख्येत हवीत. अक्षर सात छिद्रांचं, आठवं छिद्र फक्त संख्या सम करायला. 'जी' अक्षराला चार छिद्रं, म्हणजे आठवं नको. 'एक्स'ला तीन, म्हणजे आठवं हवंच. माझ्या लॅपटॉपवर सेटिंग होतं ८ बिट, पॅरिटी नाही. म्हणजे आठवं छिद्र कधी पडतच नव्हतं! सेटिंग ७ बिट, इव्हन पॅरिटी केलं आणि प्रोग्राम सरळ आत गेला. दोन दिवस अडकलेलं काम दोन क्लिकमध्ये सुटलं. डबेवाल्याला फोन करून माफी मागितली.

खरा धोका पुढे आहे

अलार्म आला तर देवाचे आभार माना, मशीन थांबली तरी. भीती वाटायला हवी ती अलार्म न येता अक्षर गळण्याची. अशा जुन्या कंट्रोलवर ५० नंतर दशांश टिंब असेल तर ते ५० मिलिमीटर. टिंब गळलं तर ०.०५० मिलिमीटर! उरलेल्या प्रत्येक अक्षराची पॅरिटी बरोबरच असते, त्यामुळे टीएच चेकला हे कळत नाही.

यासाठी टीव्ही चेक आहे. यात प्रत्येक ओळीतली एकूण अक्षरं सम हवीत. प्रोग्राम पाठवणारं सॉफ्टवेअर विषम ओळीत एक स्पेस घालून ती सम करतं. एक अक्षर गळलं की संख्या विषम होते, अलार्म ००२ येतो, मशीन थांबते. बरेच जण "सारखा अलार्म येतो" म्हणून हा चेक बंद करून टाकतात. तसं करू नका. अलार्म का येतो ते शोधा.

आमच्या गाळ्यात भिंतीवर लावलेली यादी

१. काही काढण्याआधी फोटो. प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी.

२. मेन स्विच बंद केल्याशिवाय केबल लावायची-काढायची नाही. लॅपटॉप आणि मशीनची अर्थिंग एकच. अर्थिंगमध्ये फरक असला की पोर्ट जळतो.

३. डेटा केबल स्पिंडल मोटरच्या वायरीसोबत एकत्र बांधायची नाही.

४. पॅरामीटरची यादी वहीत लिहून ठेवायची. बहुतेक वेळा ती पॅनलच्या दाराच्या आत चिकटवलेली असते. बऱ्याच जुन्या कंट्रोलचे पॅरामीटर बॅटरीवर टिकतात. अशा मशीनची बॅटरी कंट्रोल चालू ठेवूनच बदलायची.

५. नवीन प्रोग्राम आधी जॉब न लावता, सिंगल ब्लॉकवर, फीड कमी ठेवून. काका स्क्रीनवरचा आकडा मोठ्यानं वाचतात, मुलगा कागदावरचा बघतो.

६. जुना टेप रीडर टाकायचा नाही. डबा बिघडला का कंट्रोल, हे कळायला कधीतरी त्याचाच कनेक्टर लागतो.

मग घ्यायची का जुनी मशीन?

लोखंड आधी बघा, इलेक्ट्रॉनिक्स नंतर. बेड झिजलाय, बॉलस्क्रूमध्ये खेळ आहे, स्पिंडल गरम होतोय, तर कितीही चांगला डबा लावा, जॉब मापात येणार नाही. लोखंड चांगलं आहे आणि फक्त प्रोग्राम आत जात नाही, तर ती मशीन तुमच्यासाठी संधी आहे, कारण विकणारा तिला मेलेली समजून विकतोय. पण एक लक्षात ठेवा: सर्व्हो ड्राइव्ह गेला, स्क्रीन गेली, पॅरामीटर उडाले, तर हा डबा काही करू शकत नाही. म्हणून घेताना वीज जोडून, कंट्रोल चालू करून, दोन्ही अक्ष हातानं फिरवून बघा. विकणारा "लाइट नाही आज" म्हणाला तर लाइट येईल त्या दिवशी परत जा.

आमची ऑर्डर वेळेत गेली का? चौदाव्या दिवशी रात्री शेवटचा बुश उतरला. काकांनी मायक्रोमीटर लावला, काही बोलले नाहीत, चहा मागवला. त्यांच्याकडून एवढं पुरे.

पुढच्या व्हिडिओत याच लेथवरच्या जॉबचा तासाचा दर कसा काढायचा ते बघू. तोपर्यंत तुमच्या मशीनच्या दाराच्या आतली यादी वहीत उतरवून ठेवा. आजच.