गावित प्रकरण : विखुरलेल्या नोंदी आणि एक खटला

अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांनी १९९० ते १९९६ या काळात वेगवेगळ्या गावांतून १३ लहान मुले पळवली. खिसे कापताना, गळ्यातली साखळी ओढताना पकडले गेलेच, तर कडेवरच्या लेकराकडे पाहून लोक सोडून देतील, एवढ्यासाठी त्यांना मूल हवे असे. ते रडू लागले, आजारी पडले, की त्याला मारून टाकत. पहिले मूल कोल्हापुरातल्या एका भिकारीण बाईचे होते.

सहा वर्षे या घटना एकमेकींना जोडल्या गेल्या नाहीत, याचे कारण पोलीस ठाण्यांच्या दप्तरात सापडते. मूल हरवल्याची ‘मिसिंग’ एका हद्दीत दाखल होई. मृतदेह दुसरीकडे सापडला, तर तिथे अकस्मात मृत्यूची नोंद होऊन तो बेवारस ठरे. हे दोन कागद शेजारी ठेवून पाहणारे कोणी नव्हते. पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर खुनांत (१९७६-७७) नायलॉनच्या दोरीने गळा आवळण्याची पद्धत पुन्हा पुन्हा दिसली आणि या सगळ्यांमागे तेच हात असावेत असा संशय बळावला. इथे तशी खूण नव्हती. कुणाला आपटून मारले, कुणाचा गळा दाबला. त्यात गरिबाच्या मुलासाठी तगादा लावणारेही कोणी नसे.

दुवा मिळाला तो कौटुंबिक वैरातून. अंजनाबाईला सोडून गेलेल्या नवऱ्याची मुलगी १९९५ मध्ये नाहीशी झाली होती. पुढच्या वर्षी तिच्या आईने या तिघींवर संशय घेतला आणि १९९६च्या अखेरीस त्या पकडल्या गेल्या. तिथून तपास उलटा चालला. आरोपी हाती होते, गुन्हे शोधायचे होते. रेणुकाचा नवरा किरण शिंदे माफीचा साक्षीदार झाला आणि त्याच्या जबानीतून गावे, मुले, प्रवास यांची साखळी उभी राहिली.

अशी जबानी एकटी पुरत नाही. साथीदाराच्या शब्दाला स्वतंत्र पुराव्याचा आधार लागतो, आणि पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू वा जागा सापडली, तर माहितीचा तेवढाच भाग ग्राह्य धरतात. म्हणून प्रत्येक मुलामागे जुनी मिसिंग, मृतदेहाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि ओळख पटवणारे नातेवाईक नव्याने शोधावे लागले. एक खून सिद्ध झाला म्हणून दुसरा आपोआप सिद्ध होत नाही. तपासाचा सगळ्यात कष्टाचा भाग हाच होता.

खटला उभा राहण्याआधीच, १९९७ मध्ये, अंजनाबाई मरण पावली. २८ जून २००१ रोजी कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना १३ अपहरणे आणि ६ खुनांसाठी दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयात २००४ मध्ये ५ खून टिकले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये फाशी कायम ठेवली. दयेच्या अर्जावरील निर्णयाला झालेल्या दीर्घ विलंबामुळे १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली.