पोटखराब सडा

आमच्या सातबाऱ्यावर सड्याची, म्हणजे कातळी पठाराची, नोंद 'पोटखराब' अशी आहे. म्हणजे लागवडीच्या कामाची नाही अशी जमीन. जांभ्याच्या कातळावर नांगर चालणार कुठे? पण माझी आजी त्याच पोटखराबात जन्मभर राबली. पावसाळ्यात गुरं तिथेच चरायची, दिवाळीच्या सुमारास ती गवत कापून भारे खाली आणायची. वाटेतल्या राखणदाराच्या दगडापाशी पायातलं काढायची, कातळ कितीही तापलेला असो.

लँडस्केपला आपण 'भूदृश्य' म्हणतो. मला तो शब्द अपुरा वाटतो. दृश्य म्हटलं की बघणारा लांब उभा राहतो, आणि आजी तर कातळावर अनवाणी उभी होती.

आमच्याकडे कोकणात गाव वरून खाली उतरतं. माथ्यावर सडा, उतारावर आंबा-काजूची कलमं, मग वाडी, खाली भाताची खाचरं, शेवटी खाडी. या सगळ्याला पाण्याने बांधून ठेवलंय. पावसाचं पाणी जांभ्यात मुरतं, खालच्या चिकट शेडी मातीपाशी अडतं आणि उतारावर झऱ्यांतून, विहिरींतून बाहेर येतं. वाडीची विहीर भरते ती सड्यावर.

पाऊस लागला की भेगांतल्या मूठभर मातीत दीपकाडीची पांढरी फुलं उभी राहतात, पुढे सीतेच्या आसवांनी कातळ निळा-जांभळा होतो. आणि याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी चित्रं कोरली. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, त्याच्या अंगात इतर प्राणी कोरलेले. शेजारी उभं राहिलं तर तो नजरेत मावत नाही. मी त्याच्या कडेने चालत गेले आणि रेषेच्या खोबणीत बोट घातलं. आत कालच्या सरीचं पाणी होतं.

निसर्ग आणि माणूस यांनी मिळून घडवलेल्या भूमीला युनेस्कोने १९९२ मध्ये 'सांस्कृतिक भूदृश्य' म्हणून जागतिक वारशात वेगळं स्थान दिलं. २०२२ मध्ये कशेळी, बारसू, उक्षी आणि गोव्यातलं फणसामळ धरून कोकणपट्टीतली कातळशिल्पांची नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. बाकीच्या सड्यांवर मात्र पोटखराबचा शिक्का आहेच, आणि त्या एका शब्दामुळे सडा खाणीला द्यायला कुणाचा हात थरथरत नाही. मला याचंच फार वाईट वाटतं.

गेल्या मे महिन्यात गावी गेले, तर आमच्या सड्याच्या कोपऱ्यात चिरेखाण सुरू झालेली. चिरे लागतातच, आमचं घरही चिऱ्यांचं आहे. खाण पुरुषभर खोल गेली होती. मधोमध खांबासारखा थोडा कातळ मात्र तसाच सोडला होता. त्यावर राखणदाराचा दगड होता आणि पुढ्यात ताजा नारळ.