शंभरातून सात गेले किती?

त्र्याण्णव. त्यातून आणखी सात? शहाऐंशी. सोपं वाटतंय ना? रात्री दीड वाजता, डोक्यावर डेडलाइन असताना करून बघा. मी केलं, आणि एका फुकट ऑनलाइन टेस्टने मला लाल अक्षरांत ‘बिलो अ‍ॅव्हरेज’ ठरवलं. वय वर्षं अठ्ठावीस! दुसऱ्या दिवशी मस्त झोप काढून तीच टेस्ट दिली, तर मी एकदम ‘एक्सलंट’. अर्थात, प्रश्नही आता ओळखीचे होते.

इथवर गंमत होती. पण ही टेस्ट मी शोधली होती आईसाठी. दोन महिन्यांत दोनदा दूध गॅसवर विसरली, आणि एकदा एकाच फोनमध्ये तोच किस्सा तीनदा सांगितला. रविवारी लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. इंग्रजी सूचना, वर पळणारे सेकंद, हातात माउस. ती वैतागली, "अगं, परीक्षा माझ्या डोक्याची आहे की कॉम्प्युटरची?" स्कोअर आल्यावर मी पटकन लॅपटॉप मिटला. तिने बघितलाच होता.

मग न्यूरॉलॉजिस्ट. तिथे कागद-पेन्सिल, आणि मराठीतून ‘मोका’. मॉन्ट्रियलच्या डॉ. झियाद नासरेद्दीन यांनी १९९६ मध्ये बनवलेली ही ३० मार्कांची टेस्ट दहा-बारा मिनिटांत होते. घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची, पाच शब्द ऐकायचे आणि थोड्या वेळाने आठवून सांगायचे. बारा वर्षं किंवा कमी शिक्षण असेल तर एक मार्क वाढवून मिळतो. २६ च्या खाली आलात तर पुढे तपासायचं, बस्स. डिमेन्शियाचा शिक्का ही टेस्ट मारत नाही.

घरबसल्या काहीच करू नये असंही नाही. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीची ‘सेज’ टेस्ट घरी सोडवता येते, पण पेपर डॉक्टरांना दाखवायचा असतो. ब्रेन गेम्सवर मात्र माझा भरवसा नाही. स्मरणशक्तीबद्दलच्या जाहिरातींतले दावे पुराव्याशिवाय केल्याच्या आरोपावरून ‘ल्युमोसिटी’ला २०१६ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले.

डॉक्टरांनी आईची झोप, मूड, औषधं सगळं विचारलं. माझ्या वेबसाइटला यातलं काही सुचलं नव्हतं. बी-१२ आणि थायरॉइडही तपासलं, कारण त्यांच्या कमतरतेनेही माणूस विसरायला लागतो, आणि ते औषधाने सुधारू शकतं.

आईला २४ मिळाले. बी-१२ बरंच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू आहेत, सहा महिन्यांनी पुन्हा मोका.

परतताना रिक्षात तिला राहिलेले दोन शब्द आठवले. "आता फोन करून सांगितले तर चालतील का गं?"